सप्टेंबरपासून इंग्लंडच्या शाळेत शिकवायचंय, पहिली टर्म कशी निभावायची?

खडू_फळा (धागाकर्ती), ६ जुलै २०२५

नमस्कार मंडळी,

मी परळची. दादरच्या एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. एमएस्सी फिजिक्स, बीएड. येत्या १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये, मिडलँड्समधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत फिजिक्ससाठी रुजू होतेय. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांना तिथल्या क्यूटीएससाठी, म्हणजे पात्र शिक्षकाच्या दर्जासाठी, थेट अर्ज करता येतो, त्या वाटेने गेले. टीबीची तपासणी, पोलीस क्लिअरन्स, व्हिसा सगळं हातात आहे. तेव्हा कृपा करून कागदपत्रांवर चर्चा नको.

मला विचारायचंय वर्गाबद्दल. ऑनलाइन मुलाखतीत शेवटी त्यांनी विचारलं, "एखादा मुलगा जागेवर बसायलाच तयार नसेल तर काय कराल?" मी काहीतरी उत्तर दिलं, त्यांना ते पटलंही. पण इथे माझ्या वर्गात साठ मुलं आहेत आणि मी दारात आले की सगळी उभी राहतात. मस्ती भरपूर करतात, पण 'बस' म्हटल्यावर न बसणारा अजून भेटलेला नाही.

तर ज्यांनी परदेशात, कुठल्याही देशात, शिकवलंय त्यांनी सांगा: सुरुवातीला नेमकं काय अंगावर येतं? इथून काय तयारी करून जावी? मी आधी एकटी जातेय. नवरा आणि सातवीतला मुलगा जानेवारीत येतील. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. २८ ऑगस्टला विसर्जन करून २९च्या पहाटेचं विमान पकडावं असं चाललंय.

---

लालबागचा_भाऊ

मिडलँड्स म्हणजे लेस्टरच्या आसपास का? मग निम्मी काळजी मिटली. बेलग्रेव्ह रोडवर खांडवीपासून सगळं मिळतं. मालवणी मसाला मात्र इथूनच न्या.

---

वर्ग_चौथा

२९ला शुक्रवार. १ला सोमवार. मधल्या दोन दिवसांत घर शोधणार, सिमकार्ड घेणार, बसचा मार्ग बघणार आणि झोपही काढणार? बाप्पाला सांगा, तो समजून घेईल. सासूबाईंचं माहीत नाही.

---

पार्ल्याचा_परीघ

मी कॉव्हेंट्रीजवळच्या शाळेत केमिस्ट्री शिकवतो, मूळ विलेपार्ले. ताई, तुम्ही नेमकं विचारलंत. विषय कुठेच अडत नाही, ओहमचा नियम दादरला आणि इथे एकच. अडतं ते असं की इथे समोर शिक्षक उभा आहे एवढ्यावर कोणी गप्प होत नाही. मुंबईत आपण वर्गात शिरतो तेव्हा आपल्या आधीच्या मास्तरांनी कमावलेला दरारा आपल्याला आयता मिळालेला असतो. इथे तो नाही. त्याऐवजी शाळेची लेखी पद्धत असते. एक ताकीद, दुसरी ताकीद, मग वर्गाबाहेर. बाहेर न्यायला ठरलेला माणूस येतो. मग डिटेन्शन, घरी फोन. प्रत्येक शाळेत तपशील थोडे वेगळे. तो कागद शाळेकडून आत्ताच मागवून घ्या आणि अभ्यासक्रमाच्या आधी तो वाचा.

आपल्याकडून आलेले शिक्षक कुठे फसतात ते सांगतो, कारण आता नवीन आलेल्यांना मीच मदत करतो. आपल्याला वाटतं, बाहेरून कुणाला बोलावलं तर 'हिला वर्ग सांभाळता येत नाही' असं दिसेल. म्हणून आपण समजावतो, दम देतो, पुन्हा समजावतो, आणि ताकीद काही देत नाही. ही नुसतीच बोलते हे मुलांना लगेच कळतं. इथल्या हेडला मात्र तुम्ही बोलावलंत याचं काहीच वाटत नाही. त्यासाठीच तो माणूस नेमलेला असतो.

पहिल्या आठवड्यात वर्ग गोड वागेल. त्यावर जाऊ नका, चाचपणी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते. कोण कुठे बसणार याचा नकाशा तुम्ही करा, दारात उभं राहून एकेकाला आत घ्या, फळ्यावर पहिला प्रश्न आधीच लिहिलेला असू द्या. तीस मुलांची नावं जितक्या लवकर पाठ होतील तितकं बरं. नाव घेऊन हळू आवाजात सांगितलेलं ऐकतात, मोठ्याने ओरडलं की त्यांना करमणूक होते.

---

अप्पा_मास्तर

बाळ, अभिनंदन. मी गिरगावात मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. वरचं वाचून करमणूक झाली. वर्ग सांभाळायला नेमलेला माणूस! मग शिक्षक कशाला नेमला? माझं मत जुनं आहे, पण मांडतो. ज्याची पूर्वतयारी पक्की आणि फळा सुबक, त्याच्या वर्गात मुलं बसतातच. देश कुठलाही असो. तू फळा सोडू नकोस. आणि पहिले पंधरा दिवस हसू नकोस.

---

खवचट_पोस्टमन

अप्पा, पहिले पंधरा दिवस ती थंडीने हसणारच नाही.

मला वेगळीच काळजी आहे. इलेक्शन ड्युटीशिवाय तुमचा वेळ कसा जाणार? महापालिकेची निवडणूक २०२२ पासून रखडलीय. लागेल तेव्हा यादीत तुमचं नाव असेल आणि तुम्ही मिडलँड्समध्ये. कारणे दाखवा नोटीस तिकडच्या पत्त्यावर मागवा.

---

मुलुंड_पूर्व

मी शारजात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत होते, गेल्या वर्षी परत आले. माझा अनुभव तुमच्या उलटा. तिथे वर्ग उभा राहतो, 'गुड मॉर्निंग मॅम' म्हणतो, पालक मल्याळी, तेलुगू आणि आपलेच. वर्गात शिरल्यावर परदेशात आलोय असं वाटतच नाही. त्रास सगळा वर्गाबाहेर. वह्या तपासायच्या, त्या कशा तपासल्या ते पुन्हा वरिष्ठ तपासणार, आणि पालकांचा ग्रुप रात्री अकरालाही जागा. २०२२ पासून शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार सुट्टी असते हे ऐकून इकडच्यांना हेवा वाटतो. पण उरलेल्या चार दिवसांत पाच दिवसांचं काम बसवायचं असतं.

गल्फला जाणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर एकच: पगाराचा आकडा बघू नका, त्यातला बेसिक किती ते बघा. ग्रॅच्युइटी बेसिकवरच मिळते, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांची आणि पुढे ३० दिवसांची. आमच्याकडे बेसिक मुद्दाम छोटा ठेवला होता.

---

काटेकोर

कागदपत्रं नकोत म्हणालात, पण पैसे म्हणजे कागदपत्रं नव्हेत, म्हणून लिहितो.

१) नोकरीसाठी देश सोडताय, म्हणजे या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर अनिवासी ठरता. २९ ऑगस्टपर्यंतच जवळपास १५० दिवस भरतात. मार्चअखेरपर्यंत सुट्टीवर आलात तर महिन्याभराच्या आत परत जा.
२) बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करून घ्या. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही.
३) तिथे पगार महिनाअखेर होतो. १ सप्टेंबरपासून करार म्हणजे पहिला पगार सप्टेंबरच्या शेवटी. तोवरचं भाडं, डिपॉझिट, खाणं याची सोय इथून करून न्या.
४) लंडनबाहेर सप्टेंबर २०२५ पासून पगारश्रेणीची पहिली पायरी वर्षाला ३२,९१६ पौंड आहे. अनुभव धरून वरची पायरी मागा. पेन्शनचा तुमचा वाटा ७.४ टक्क्यांपासून सुरू होतो, तो आणि कर दोन्ही धरून मगच हातात काय पडेल याचा हिशेब करा.

---

वर्ग_चौथा

क्रमांक घालून लिहिलं की ती कागदपत्रंच झाली, काटेकोरराव.

---

परतलेला_पाहुणा

सगळे छान छान लिहितायत म्हणून दुसरी बाजू. मी इंग्लंडमध्ये एक शैक्षणिक वर्ष काढून परत आलो आणि आता ठाण्यात क्लास घेतो. मुलांमुळे परत आलो नाही, मुलं बरी होती.

फिजिक्ससाठी घेतात, पण खालच्या वर्गांना 'विज्ञान' शिकवावं लागतं, म्हणजे बायोलॉजीसुद्धा. आपल्याकडे प्रजननाचा धडा 'घरी वाचून या' म्हणून संपतो. तिथे अकरा-बारा वर्षांच्या मुला-मुलींपुढे आकृतीसकट शिकवायचा, त्यांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायची. बारावीत सोडलेली बायोलॉजी मी रात्री बसून वाचायचो.

दुसरं, कामाचे तास. नियमाप्रमाणे १९५ दिवसांत १,२६५ तास. यात तपासणी आणि पाठांची तयारी धरलेली नसते, ती 'वाजवी वाटेल तितके जादा तास' या सदरात जाते. माझे रविवार त्यातच गेले.

तिसरं, डिसेंबर. चारच्या आत सूर्य मावळतो. अंधारात निघायचं, अंधारात परतायचं. स्टाफरूम नावाची खोली होती, पण जो तो आपल्या वर्गात बसून सँडविच खायचा. इथे मधल्या सुट्टीत डब्यांची देवाणघेवाण होते, कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते कळतं. तिथे दिवसभर शेकडो मुलांशी बोलून मी कुणाशीच बोललेलो नसायचो. जाऊ नका असं म्हणत नाही. जोडीने गेलात तर टिकाल. पहिले चार महिने एकट्या आहात, तेवढं लक्षात असू द्या.

---

पार्ल्याचा_परीघ

पाहुण्यांचं बरंचसं खरं आहे, पण शाळेशाळेत खूप फरक असतो. आमच्याकडे विज्ञान विभाग रोज एकत्र जेवतो. पहिल्याच आठवड्यात शिक्षक संघटनेची सभासद व्हा, एनईयू किंवा एनएएसयूडब्ल्यूटी, कुठलीही चालेल. आणि तयारीचा वेळ, म्हणजे शिकवण्याच्या वेळेच्या दहा टक्के, हा तुमचा हक्क आहे. त्यात कुणी बदली तास लावला तर हसून 'हो' म्हणू नका. मुंबईची सवय असते, ऑफ पिरियड म्हणजे सार्वजनिक मालमत्ता.

---

गोरेगावची_गौरी

अजून कुणी लिहिलं नाही म्हणून. मी इथेच एका इंटरनॅशनल शाळेत समुपदेशक आहे, आमच्याकडे इंग्लंडहून शिक्षक येतात. त्यांच्याकडून एक गोष्ट शिकले. मूल जवळ येऊन म्हणालं, 'मिस, कुणाला सांगणार नसलात तर एक सांगू?' तर आपल्याकडची प्रेमळ बाई म्हणते, 'सांग बाळा, नाही सांगणार कुणाला.' इंग्लंडमध्ये हे चालत नाही. ऐकून घ्यायचं, खोदून विचारायचं नाही, गुप्त ठेवण्याचं वचन द्यायचं नाही, आणि शाळेत बालसुरक्षेसाठी जी व्यक्ती नेमलेली असते तिच्याकडे त्याच दिवशी लेखी नोंद द्यायची. मुलाच्या दंडावरचा वळ दिसला तरी हेच. याचं सरकारी मार्गदर्शक पुस्तक आहे, त्याचा पहिला भाग मुलांबरोबर थेट काम करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने वाचायचा असतो.

पाठीवर हात ठेवणं, गालगुच्चा, स्वतःचा मोबाइल नंबर पालकांना देणं, हेही सोडून द्या.

---

अप्पा_मास्तर

गौरीताईंचं पटलं. आमच्या वेळी वळ दिसले तर आम्हीच दिलेले असायचे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने कलम १७ आणलं आणि छडी बंद झाली. अर्ध्या स्टाफला वाटलं आता शाळा बुडाली. बुडाली नाही.

हसू नकोस हे मात्र मी मागे घेणार नाही.

---

खडू_फळा

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी प्रिंट काढून नवऱ्याला वाचायला दिलं. विमान १९ ऑगस्टला घेतलंय. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, मग स्वतःच म्हणाल्या की आरतीला मोबाइल लावून ठेवू. शाळेच्या ऑफिसने एका निवृत्त बाईंच्या घरी खोली मिळवून दिलीय.

@पार्ल्याचा_परीघ, अभ्यासक्रमाचं जरा सांगाल? पाठ्यपुस्तक कुठलं विचारलं तर ते म्हणाले, 'तसं एक असं काही नाही.' बालभारती नसलेली शाळा मला डोळ्यांसमोरच येत नाही.

---

पार्ल्याचा_परीघ

पुस्तक शोधू नका. जीसीएसईचं, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेचं, मंडळ कुठलं ते विचारा. एक्यूए, एडेक्सेल, ओसीआर यांपैकी एक असेल. त्यांचा अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर फुकट आहेत. श्रेणी ९ ते १, ९ सर्वांत वर. एकाच विषयाचे दोन स्तर असतात, फाउंडेशन आणि हायर. कोणतं मूल कुठल्या स्तराला बसणार यावरून पालकांशी चर्चा होते.

प्रयोगांची गंमत अशी की जर्नल नाही, तोंडी परीक्षा नाही, बाहेरचे परीक्षक नाहीत. एक्यूएच्या फिजिक्सला १० सक्तीचे प्रयोग आहेत. ते वर्गात करून घ्यायचे आणि त्यांच्यावरचे प्रश्न लेखी पेपरात येतात. किमान १५ टक्के गुण त्यावर. साहित्य लावायला लॅब टेक्निशियन असतो, पण त्याला काय हवं ते बरेच दिवस आधी लेखी कळवावं लागतं. आयत्या वेळी 'जरा दोन ॲमीटर द्या' म्हटलंत तर तो तुमच्याकडे बघतच राहील. त्याच्याशी मैत्री करा, हेडशी नंतर केलीत तरी चालेल.

सूत्रांचा कागद सध्या परीक्षेत देतात.

---

अप्पा_मास्तर

सूत्रं देतात?!

---

खवचट_पोस्टमन

अप्पांना पाणी द्या कुणीतरी.

---

मुलुंड_पूर्व

अवांतर: उच्चारांचं काय? शारजात प्रश्न आला नाही, पण ब्रिटिश मुलं नक्कल करतात म्हणे.

---

पार्ल्याचा_परीघ

करतात. पहिल्या महिन्यात माझी झाली, मग नवीन बळी मिळाला. आपण बोलतो फार भराभर, खरी अडचण ती. अर्ध्या वेगाने बोला, महत्त्वाचा शब्द फळ्यावर लिहा. त्यांचं बोलणं आपल्याला कळत नाही तेव्हा 'पुन्हा सांग' म्हणायला लाजू नका. त्यांना त्यात काही गैर वाटत नाही.

---

खडू_फळा, २९ ऑक्टोबर २०२५

मंडळी, हाफ टर्मची सुट्टी लागलीय, म्हणून सविस्तर लिहिते. रविवारी घड्याळं तासभर मागे गेली आणि आता संध्याकाळी पाचला बाहेर अंधार, तेव्हा वेळच वेळ आहे.

न बसणारा मुलगा भेटला. दुसऱ्या आठवड्यात, तेरा-चौदा वर्षांच्या वर्गात. खिडकीशी उभा राहून म्हणाला, इथून बरं दिसतं. परीघदादांनी लिहिल्याप्रमाणे ताकीद, दुसरी ताकीद, मग बोलावणं. माणूस आला, शांतपणे घेऊन गेला, मी धडा पुढे चालू केला. वर्गानेही विशेष काही झालं असं दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा दारात 'ऑल राइट, मिस' म्हणत हजर, जणू काल काही घडलंच नव्हतं. मला ते जड गेलं. माझ्या मनात अढी होती, त्याच्या मनात नव्हती. इथे रोजचा वर्ग कोरा धरायचा असतो. आपल्याकडे असा मुलगा वर्षभर 'तो खिडकीवाला' म्हणून ओळखला गेला असता, स्टाफरूममध्ये तर नक्कीच.

पद्धत आहे म्हणून सगळं सुरळीत आहे असं नाही. एक वर्ग असा आहे की त्याच्या तासाला जाताना अजूनही पोटात गोळा येतो. विभागप्रमुख आठवड्यातून एकदा मागे येऊन बसते आणि नंतर दोनच गोष्टी सांगते. तेवढ्याच करते.

अप्पा, तुमचं अर्धं बरोबर निघालं. सगळे स्लाइड दाखवतात. मी भिंगातून जाणाऱ्या किरणांची आकृती फळ्यावर हाताने, पट्टी न घेता काढली आणि त्या गोळा आणणाऱ्या वर्गातसुद्धा शांतता झाली. एका मुलीने विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात? दादरला, म्हटलं. आता प्रत्येक धड्याला एक तरी आकृती हाताने काढते. हसण्याचं मात्र जमलं नाही, पहिल्याच दिवशी हसले.

पाहुणे, प्रजननाचा धडा झाला. मुलांनी मजेत घेतला, घाम मला फुटला. रविवार जातात हेही खरं. मी आता तपासणी शुक्रवारी शाळेतच थांबून संपवते.

गौरीताई, तुमचा प्रसंग शब्दशः आला. जास्त लिहीत नाही. नोंद दिली. तुम्ही लिहिलं नसतंत तर मी 'सांग बाळा' म्हणाले असते.

लक्ष्मीपूजनाला मंगळवार आला, शाळा होती. संध्याकाळी घरमालकीणबाईंना चकली दिली, त्यांना वाटलं कुत्र्यासाठीचं बिस्किट आहे. लालबागच्या भाऊंनी सांगितलेला मालवणी मसाला संपत आलाय.

आता एक प्रश्न. मुलगा जानेवारीत येतोय, तिकडे मुंबईत सातवीत आहे. इथे वर्षाच्या मधे प्रवेश मिळतो का? आणि कुठल्या इयत्तेत?

---

पार्ल्याचा_परीघ

मिळतो. कौन्सिलकडे मधल्या वर्षातल्या प्रवेशाचा अर्ज करायचा. घरापासून सगळ्यात जवळच्या शाळेत जागा असेलच असं नाही, म्हणून दोन-तीन शाळांची नावं द्या. इयत्ता मार्कांवरून नाही, वयावरून ठरते. सप्टेंबर २०१२ ते ऑगस्ट २०१३ मधला जन्म असेल तर यंदा इयर ८. तुमच्याच शाळेत घालायचा विचार असेल तर आधी त्याला विचारा. माझ्या मुलीने साफ नकार दिला होता.

---

खडू_फळा

मार्च २०१३चा आहे, म्हणजे इयर ८. विचारलं. 'तू तिथे असशील तर मी बसने लांबच्या शाळेत जाईन' म्हणतोय.

---

अप्पा_मास्तर

शहाणा आहे. त्याची मराठीची वही सुरू ठेव. आणि ती भिंगाची आकृती फोटो काढून इथे टाक, गिरगावच्या नव्या मास्तरांना दाखवतो.